लग्नात बाईचं का चालत नव्हतं? जुनं साहित्य वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा वाचनगट नागपूरच्या धंतोलीत भरतो, कॉलेजच्या पोरी, रिटायर्ड काका, शाळेतल्या मॅडम, सगळे असतात. यंदा आम्ही जुन्या साहित्यातल्या लग्न झालेल्या बायका वाचायला घेतल्या, आणि नवीन कोणी आलं की तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मतं माझी आहेत, गटातल्या सगळ्यांना ती पटतातच असं नाही.

त्या काळाला आजच्या चष्म्यातून का बघून राहिले तुम्ही?

हा प्रश्न दर वेळी पहिला येतो आणि बहुतेक वेळा एखाद्या काकांकडूनच येतो. चष्मा आजचा नाहीच हो. ताराबाई शिंदे आपल्या विदर्भातल्याच, बुलढाण्याच्या. त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापलं ते १८८२ साली. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळ मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी झाली, आणि त्या केसवरून पेपरवाले सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर तुटून पडले, तेव्हा ताराबाई चिडून लिहायला बसल्या. त्यांचं म्हणणं असं की बायको मेली तर पुरुष लगेच दुसरी आणतो, त्याला कोणी तोंड लपवायला सांगत नाही, मग नवरा मेला यात बाईचा काय गुन्हा? हे त्याच काळातल्या बाईनं त्याच काळातल्या पुरुषांना विचारलंय. लोकांनी टीका केली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. म्हणजे तेव्हा सगळ्यांना हे नॉर्मल वाटायचं असं म्हणणं हा ताराबाईंवर अन्याय आहे, बोलणारे होते, आपणच त्यांना वाचलं नाही.

पण घरात तर बायकांचंच चालायचं नं? आमची आजी आजोबांना गप्प बसवायची.

बसवत असेल, आणि छानच आहे. पण आवाज मोठा असणं वेगळं आणि हातात अधिकार असणं वेगळं. मी गटात एकच गोष्ट तपासायला सांगते, की बिनसलं तर त्या बाईला निघून जाता येत होतं का, आणि निघाली तर कोणाच्या दारात, कोणाच्या पैशावर, आणि लेकरं कोणाकडे राहणार. हे डोक्यात ठेवून कोणतंही जुनं पुस्तक उघडा, गोष्ट वेगळीच दिसायला लागते.

सासूचं म्हणाल तर तिचा हुकूम चालतो तो सुनेवर, आणि तोही मुलाची आई म्हणून. आपल्याच भागातलं उदाहरण देते. रामटेकजवळचं नगरधन, तिथं वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्त हिची मुद्रा उत्खननात सापडलीय. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. स्वतःच्या ताम्रपटात ती वंश सांगते तो माहेरचा, गोत्रही माहेरचंच लावते, इतकी ताकदीची बाई. पण कारभार तिच्या हातात आला कधी, तर नवरा वारल्यावर, मुलगा लहान होता म्हणून, आणि तिच्या ताम्रपटांत युवराजाची आई ही ओळख सोबत आहेच. नवरा जिवंत असताना तिचं किती चाललं असेल याचा विचार मला नेहमी येतो.

द्रौपदी तर सगळ्यांना सुनावते, ती दुबळी कशी?

दुबळी नाहीच ती. सभेत बोलवायला आलेल्या माणसाला ती परत पाठवते की आधी विचारून ये, राजा आधी स्वतःला हरला की मला? अख्ख्या महाभारतात इतका धारदार कायद्याचा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नसेल. आणि उत्तर काय मिळतं? भीष्म म्हणतात धर्म फार सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. कौरवांमधला एकटा विकर्ण तिच्या बाजूनं बोलतो, त्याला कर्ण गप्प करतो. म्हणजे बुद्धी आहे, वाणी आहे, प्रश्न बरोबर आहे, आणि तरी तिला केसांना धरून ओढत आणलं जातं. शेवटी धृतराष्ट्र वर देतो तेव्हा ती आधी युधिष्ठिराला सोडवते, मग बाकीच्या चौघांना, आणि तिसरा वर घेतच नाही. पाचही नवऱ्यांना बायकोनं सोडवलं, पण तिला पणाला लावायचा हक्क मुळात होता का याचा निकाल त्या सभेत लागलाच नाही. मला सगळ्यात जास्त राग तिथंच येतो.

आपल्या विदर्भाच्या लेकी तर आपल्या मर्जीनं लग्न करायच्या, असं ऐकलंय?

हो, आणि हे सांगताना मला खरंच अभिमान वाटतो. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, आपल्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. भावानं शिशुपाल ठरवला तर हिनं गुपचूप ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला की ये आणि घेऊन जा. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं याच लग्नावर धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले, मराठीतलं बाईनं केलेलं इतकं जुनं काव्य आणि विषय काय तर स्वतः नवरा निवडणारी मुलगी!

दमयंती पण इथलीच. देव नळाचं रूप घेऊन स्वयंवरात बसले तर हिनं बघितलं की कोणाची सावली पडते, कोणाला घाम आलाय, कोणाच्या पापण्या हलतात, आणि बरोबर माणूस ओळखला. पण माझं म्हणणं आहे की तिची खरी हुशारी लग्नानंतरची आहे. नळ द्यूतात हरत चाललाय हे दिसल्यावर तिनं सारथ्याबरोबर दोन्ही लेकरं आपल्या माहेरी पाठवून दिली. पुढं जंगलात नळ तिच्या अंगावरचं अर्धं वस्त्र कापून घेऊन झोपेतच तिला टाकून गेला. भटकत भटकत ती शेवटी बापाच्या घरी पोचली, आणि तिथून तिनं नवरा शोधायची मोहीम चालवली. अयोध्येच्या राजाला निरोप की उद्याच दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे, कारण एका दिवसात तितक्या लांब रथ हाकू शकेल असा नळच. हे सगळं ती करू शकली कारण भीमक राजाचं दार तिला उघडं होतं, माणसं होती, पैसा होता. तीच दमयंती बिनमाहेरची असती तर त्या जंगलातच गोष्ट संपली असती.

लोपामुद्रेबद्दल थोडकंच सांगते. विदर्भाचा राजा अगस्त्याला नाही म्हणायला घाबरला, शाप देईल म्हणून, तर तीच म्हणाली की द्या मला. मग वल्कलं नेसली, तपही केलं. पण ऋषी जवळ आले तेव्हा तिनं अट घातली की माझ्या बापाच्या घरी होती तशी शय्या आणि दागिने हवेत, आणि अगस्त्यांना धन शोधायला निघावं लागलं. तिची अट मान्य झाली. पण लग्न मात्र बापाच्या भीतीपोटी झालेलं, हे पण लक्षात घ्या.

माधवी कोण? ती आम्हाला शाळेत नव्हती.

नव्हतीच, आणि का नव्हती ते गोष्ट ऐकल्यावर कळतं. महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. विश्वामित्रांचा शिष्य गालव, त्याला गुरुदक्षिणा म्हणून पांढरे आणि एक कान काळा असलेले आठशे घोडे हवे होते. ययाति राजाकडे घोडे नव्हते, त्यानं मुलगी दिली. मग ती एका राजाकडे, दोनशे घोडे आणि एक मुलगा, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. सहाशेच जमले तर उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात स्वतः गुरू विश्वामित्रांकडे. चार मुलगे झाले, चारही वेगवेगळ्या घरी राहिले.

गटात कोणीतरी हमखास म्हणतं की कल्पना तर माधवीनंच सुचवली. बरोबर आहे, पहिला राजा दोनशेच घोडे आहेत म्हणतो तेव्हा तीच म्हणते की मला असं एकेकाकडे दे. पण बापानं आधीच देऊन टाकलेल्या मुलीनं सुचवलं तर त्याला मर्जी म्हणायची का? मला नाही पटत. सगळं झाल्यावर ययाति तिचं स्वयंवर मांडतो आणि ती एवढ्या राजांमधून अरण्य निवडते. तिच्या सगळ्या कथेत मला तिचा स्वतःचा वाटणारा निर्णय तो एकच.

रामटेक म्हटलं की कालिदास, मग शाकुंतलात तर प्रेमविवाह आहे नं?

आहे. पण पाचवा अंक परत वाचा. राजा ओळखत नाही म्हणतो, शकुंतला चिडते, त्याला अनार्य म्हणते, आणि मग आश्रमातून सोबत आलेल्यांच्या मागं रडत निघते. तेव्हा शार्ङ्गरव मागं वळून तिला काय सुनावतो? की तू जर शुद्ध असशील तर नवऱ्याच्या घरी दासी होऊन राहणंही तुला चालेल. आणि निघून जातात! गरोदर पोरगी दरबारात उभी आणि माहेरची माणसं पाठ फिरवून चालली. चौथ्या अंकातल्या निरोपावर सगळे रडतात, कण्वांचं कौतुक करतात, मलाही तो अंक आवडतो, पण मला विचाराल तर नाटकाचं काळीज या पाचव्या अंकात आहे. महाभारतातली शकुंतला तर आणखी वाद घालते, आणि तिथला दुष्यंत सगळं आठवत असून नाकारतो, लोक काय म्हणतील म्हणून. अंगठी आणि शाप कालिदासानं आणले आणि राजाची सुटका केली.

‘संगीत शारदा’ मध्ये तर शेवटी चांगलंच होतं?

होतं, पण कशामुळं होतं ते बघा. देवलांचं हे नाटक १८९९ चं. कांचनभट पैशासाठी पोरगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघालाय, मध्ये भद्रेश्वर दीक्षितासारखा दलाल, आई जिवाचा आकांत करतेय पण तिला कोण विचारतं. शारदेला नको आहे हे नाटकातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हाताऱ्याला सुद्धा. आणि लग्न थांबतं ते शारदा नाही म्हणाली म्हणून नाही, तर वधूवर सगोत्र निघाले म्हणून! मुलीच्या नकाराला किंमत शून्य आणि गोत्राला इतकी की मांडव मोडतो. देवलांनी हे मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं, प्रेक्षकाला टाळ्या वाजवताना टोचलं पाहिजे. मग पोरगी जीव द्यायला निघते, कोदंड वाचवतो, आणि तिचं त्याच्याशी लग्न व्हायला परत शंकराचार्यांची परवानगी लागते, सप्तपदी झाली नव्हती या मुद्द्यावर. म्हणजे चांगला शेवट सुद्धा पुरुषांच्या सहीनंच.

‘पण लक्षात कोण घेतो’ वाचताना त्रास होतो, वाचायलाच पाहिजे का?

वाचायलाच पाहिजे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हे क्रमशः लिहिलं, यमू स्वतः बोलतेय असं. त्यात मोठी भाषणं नाहीत, घरातलं बोलणं आहे, पोरीनं मोठ्यानं हसू नये, वाचायला घेतलं तर टोमणा, माहेरी जायचं तर कोणाकोणाचा होकार. यमूचा नवरा रघुनाथराव चांगला आहे, तिला शिकवतो, मुंबईला घेऊन जातो, आणि वाचणाऱ्याला पण वाटायला लागतं की सुटली पोरगी. तो वारतो आणि एका दिवसात ती परत त्या घरच्या माणसांच्या हातात. शंकरमामंजी सोवळ्याचा, धर्माचा जप करणारा माणूस, आणि यमूच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन होतं. तो भाग वाचताना आमच्या गटातल्या एका मुलीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि बराच वेळ कोणीच बोललं नाही. यमूची मैत्रीण दुर्गी हिच्याकडे पण लक्ष द्या, दुर्गीचा नवरा जिवंत आहे आणि तिचे हाल वेगळे.

म्हणजे नवरा चांगला असला की प्रश्नच नव्हता?

नाही. चांगला नवरा हे नशीब झालं, हक्क नाही. रमाबाई रानडेंचं लग्न १८७३ मध्ये झालं, त्या ११ वर्षांच्या, न्यायमूर्ती ३१ चे, आणि त्यांनी मनापासून शिकवलं म्हणून घरातल्या बायकांनी रमाबाईंना किती छळलं ते त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ मध्ये लिहिलंय. पण शिकायचं हे ठरवलं कोणी? नवऱ्यानंच. ते दुसऱ्या विचाराचे असते तर?

हे सगळं कथा-कादंबरीतलं, खरंच कायद्यानं बाईला जबरदस्ती करता यायची का?

यायची. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं, मोठी झाल्यावर ती नवऱ्याकडे नांदायला गेलीच नाही, आणि त्या नवऱ्यानं, दादाजीनं, मुंबई हायकोर्टात केस केली. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे तिच्या बाजूनं बोलले, पण अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल फिरला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन! शेवटी १८८८ ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. तिच्या मागं सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते, सुशिक्षित घर होतं, म्हणून हे निभलं. हा दावा आपल्या शास्त्रातला नव्हताच, तो इंग्रजी कायद्यातून आलेला, आणि खुद्द इंग्लंडात यासाठी तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद झालं होतं. नांदायला लावायचा दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आला, फक्त आता तो नवरा-बायको दोघांनाही करता येतो.

इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बायकांचं तरी बरं होतं का?

काही बाबतीत आपल्यापेक्षा वाईट. आपल्याकडे निदान कागदावर तरी स्त्रीधन होतं, जरी याज्ञवल्क्य म्हणतात की दुष्काळात, धर्मकार्यात, आजारात किंवा कैदेत असताना नवऱ्यानं ते वापरलं तर परत द्यायची गरज नाही. इंग्लंडात १८७० आणि १८८२ चे कायदे होईपर्यंत लग्न झालेल्या बाईची कमाई आणि मालमत्ता साधारणपणे नवऱ्याचीच. ॲन ब्राँटेच्या १८४८ च्या कादंबरीतली हेलन दारुड्या नवऱ्याला सोडून मुलाला घेऊन पळते, खोट्या नावानं राहते, चित्रं विकून पोट भरते, आणि कायद्यानं ते मूल आणि ती कमाई दोन्ही त्या नवऱ्याची! जेन ऑस्टिनची शार्लट सत्ताविसाव्या वर्षी त्या कॉलिन्सशी लग्न करते ते घर मिळावं म्हणून, तिला हसू नका, तिच्याकडे दुसरा रस्ता काय होता. आणि इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’ नाटकातली नोरा, १८७९, नवऱ्याच्या तब्येतीसाठी कर्ज काढते आणि वडिलांची खोटी सही करते, कारण बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्जच मिळत नाही. ती दार लावून निघून जाते हे सगळ्यांना माहीत असतं. जर्मनीत मात्र शेवट बदलून मागितला आणि इब्सेनला नाइलाजानं तो लिहून द्यावा लागला, त्यात ती लेकरांसाठी थांबते. लोकांना तिचं जाणं सहन होत नव्हतं.

हे सगळं वरच्या जातीतल्या घरांचंच नाही का?

बऱ्यापैकी हो, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचे मी आभार मानते. केशवपन, विधवेला पुन्हा लग्न नाही, हे मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं बघून चालणाऱ्या घरांतलं. इतर अनेक जातींत पाट लागायचा, म्हणजे बाईचं दुसरं लग्न व्हायचं, काडीमोड व्हायची. म्हणून तिथं बाई मोकळी होती असं नाही, मारहाण होती, सवत होती, मजुरीचा पैसा नवऱ्याच्या हातात होता, पण छापलेल्या पुस्तकात ते फार उशिरा आलं. फुल्यांच्या सत्यशोधक लग्नात मंगलाष्टकातच वधू वराकडे हक्क मागते आणि वर तसं वचन देतो, हे मला कुठल्याही कादंबरीपेक्षा मोठं वाटतं.

आणि नागपूरकरांनी तर २० जुलै १९४२ विसरूच नये. इथं मोहन पार्कमध्ये दलित महिला परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या आणि त्यांनी ठराव केले की बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करायची पद्धत बंद व्हावी. हिंदू विवाह कायद्याच्या तेरा वर्षं आधी! बाबासाहेब तिथं म्हणाले की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम व्हायला नकार द्यावा. जी गोष्ट शारदेला म्हणता आली नाही ती इथं ठराव म्हणून पास झाली. आपल्या शहरातल्या किती पोरींना हे माहीत आहे? आमच्या गटात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फार थोड्यांना माहीत होतं, आणि मला ते फार लागलं.

पुरुषांनी लिहिलेल्या बायका खऱ्या मानायच्या का?

हरिभाऊ आणि देवल मनापासून लिहितात, पण बायकांनी स्वतः लिहिलेलं सोबत ठेवा. संत बहिणाबाईचं लग्न तिसऱ्या वर्षी झालं, नवरा तिशीचा बिजवर, आणि तुकोबांचं वेड लागलं म्हणून त्यानं तिला किती मारलं हे तिनं स्वतः अभंगात सांगितलंय, सतराव्या शतकात. ती त्याच नवऱ्याची सेवा हाच धर्म असंही म्हणते. हे दोन्ही एकाच बाईच्या तोंडून येतं तेव्हा तिच्यावर किती दाब असेल ते कळतं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ मध्ये तर आपलं नागपूर पण आहे, तिचे नवरे ना. वा. टिळक इथल्या बुटींकडे काम करत होते तेव्हाचं. हा माणूस मोठा कवी, प्रेमळ, आणि मनात आलं की न सांगता उठून जाणारा. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि बायकोला आधी विचारलंही नाही, पुढची काही वर्षं बाई लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं. गंमत अशी की हे सगळं ती इतकं हसत सांगते की आपणही हसतो आणि मग एकदम थबकतो. नंतर ती टिळकांकडे परत गेली, पण स्वतःचा धर्म मात्र तिनं नवऱ्याच्या मागोमाग बदलला नाही, स्वतःला पटेपर्यंत थांबली.

सुरुवात कुठून करू?

‘स्मृतिचित्रे’ पासून करा, भाषा गोड आहे, कंटाळा येत नाही. फक्त संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, पूर्ण घ्या. मग ‘शारदा’, ते एका बसण्यात होतं, दोघं-तिघं मिळून मोठ्यानं वाचलं तर जास्त मजा. हरिभाऊ त्यानंतर, जाड आहे आणि सुरुवात हळू आहे, पण सोडू नका. माधवी आणि दमयंती महाभारताच्या कुठल्याही पूर्ण मराठी भाषांतरात सापडतील, मुलांच्या छोट्या महाभारतात शोधू नका. ताराबाईंचं पुस्तक लहान आहे, जुनी भाषा आहे, घरातल्या पुरुषमंडळींनाही वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर त्यांना गटात घेऊन या, खुर्च्या भरपूर आहेत.